मध्यंतरातला हार

आईंनी फेकलेल्या चिपळ्या माझ्या मनगटावर बसल्या आणि नेमक्या त्याच वेळी उषावन्सं पुण्याहून येऊन बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या.

संध्याकाळचे सव्वासात झाले होते. देवापुढे निरांजन तेवत होतं, गॅसवर आमटीला उकळी फुटली होती, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई मनोरमाबाई गोरे, बैठकीच्या खोलीत मधोमध उभ्या राहून थरथरत होत्या.

"माझी सभा मोडलीत," त्या म्हणत होत्या. "कोण तुम्ही? कुणी बोलावलं तुम्हाला इथं?"

वन्संनी बॅग खाली ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "आई, मी उषा."

आईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागल्या. पाऊण तासानं कशाबशा ताटावर बसल्या, चार घास खाल्ले आणि पुन्हा उठून दाराची कडी खडखडवू लागल्या. तोवर माझं मनगट टम्म सुजलं होतं. मी पदराखाली झाकलं, पण वन्संच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं.

ही बारा वर्षांपूर्वीची, तासगावातली गोष्ट. आईंनी चाळीस वर्षं कीर्तनं केली. नऊवारी लुगडं, कमरेला करकचून बांधलेला शेला, हातात चिपळ्या. इकडे विट्यापासून तिकडे अथणी-जमखंडीपर्यंत 'गोरेबाईंचं कीर्तन' म्हटलं की देवळाचं अंगण भरायचं. मी माहेरची कीर्तनवेडी. चार मैलांवर कीर्तन असलं तरी आजीचं बोट धरून चालत जाणारी. गोऱ्यांचं स्थळ आलं तेव्हा मुलगा काय करतो हे विचारायच्या आधी मी सासू कुठलं आख्यान लावते ते विचारलं होतं. हे अजून म्हणतात, "तू लग्न आईशी केलंस, मी आपला सोबत आलो."

आता त्याच आईंना स्मृतिभ्रंशानं गाठून चार वर्षं झाली होती. दिवसा त्या छान असत. परातभर बेदाणे पुढे ठेवले की देठं काढत गुणगुणत बसत. पण आठ महिन्यांपासून, पाच वाजून गेले, भिंतीवरचं ऊन उतरलं की काहीतरी बिनसायचं. येरझाऱ्या सुरू व्हायच्या. गाडी आली का, मंडळी बसली का, पेटी सुरात लावली का, असं दहादहा वेळा विचारायच्या. मग आपणच शेला बांधून उभ्या राहायच्या आणि कीर्तनाला सुरुवात करायच्या. नमन, निरूपण, सगळं. शब्द इकडचे तिकडे व्हायचे, पण सूर जागच्या जागी. अर्धापाऊण तास हे चालायचं, मग थांबायच्या. गप्प उभ्या दाराकडे बघत राहायच्या. मला वाटायचं, झालं यांचं, पुढचं आठवत नाही. मी उठून म्हणायचे, "चला आई, पानं घेते." आणि तिथून वादळ सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत. त्या झोपायच्या नाहीत, आम्हाला झोपू द्यायच्या नाहीत.

त्या रात्री जेवणं झाल्यावर वन्संनी विषय काढला. त्या वाईट मनाच्या नव्हत्या, हे आधी सांगते. त्यांनी पुण्याजवळ अशा आजाऱ्यांसाठीचं एक केंद्र स्वतः जाऊन पाहून ठेवलं होतं. स्वच्छ होतं, बाग होती, रात्री जागणाऱ्या नर्स होत्या. तिथं पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून एक खोली रिकामी होणार होती. "श्रीनू, आईला त्रास व्हावा म्हणून नाही म्हणत मी," त्या भावाला म्हणाल्या. "पण ज्योत्स्नाचं मनगट बघ. उद्या डोळ्याला लागलं असतं तर?"

हे काही बोलले नाहीत. त्यांना रात्रभर जागून सकाळी कोल्ड स्टोरेजच्या कामावर जावं लागत होतं आणि परवाच एका गाडीची चुकीची नोंद करून बोलणी खाल्ली होती. त्यांच्या गप्प बसण्यात मला होकार ऐकू आला.

मला आईंना जाऊ द्यायचं नव्हतं. का, ते मला त्या दिवशी नीट सांगता आलं नसतं. मी फक्त म्हणाले, "वन्सं, मला पंधरा दिवस द्या. डॉक्टरांना एकदा विचारते. नाही जमलं तर मी स्वतः त्यांची ट्रंक भरीन."

वन्संनी मान डोलावली. पुढचा शनिवार सोडून त्याच्या पुढच्या शनिवारी येते म्हणाल्या. रविवारी सकाळी केंद्राला काय ते कळवायचं होतं.

डॉक्टर मगदूम आमचे नेहमीचे. त्यांनी आईंना नीट तपासलं. लघवीला जळजळ नाही ना, पोट साफ होतं ना, कुठं दुखत नाही ना, एकेक विचारलं. या माणसांना सांगता येत नाही, मग दुखणं असं चिडण्यातून बाहेर पडतं, म्हणाले. तसं काही निघालं नाही. मग मी झोपेची जरा जालीम गोळी मागितली. त्यांनी मान हलवली. तसल्या गोळ्यांनी या वयात तोल जातो, माणूस पडतो, खुबा मोडतो आणि डोकं आणखी गोंधळतं.

"एक दुसरं करून बघू," ते म्हणाले. "मेलाटोनिन. हे तसं झोपेचं औषध नव्हे. अंधार पडला, आता रात्र झाली, असा निरोप शरीर मेंदूला पाठवतं ना, तो निरोप नेणारं हे रसायन. म्हातारपणी ते कमी पडतं, या आजारात आणखी कमी. ते आपण बाहेरून द्यायचं. पण आधीच सांगतो, कुणाला उपयोग होतो, कुणाला काहीच होत नाही. नवससायासासारखी आशा धरू नका."

गोळी झोपायच्या तासभर आधी, रोज एकाच वेळी द्यायची. सकाळी तासभर उन्हात बसवायचं. दुपारी लवंडू द्यायचं नाही. अंधारायच्या आधीच घरातले दिवे लावायचे, म्हणजे सावल्यांना त्या घाबरणार नाहीत. आणि संध्याकाळी घरात गडबड नको. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

गडबड नको म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पहिल्या आल्या त्या चिपळ्या. घरी येऊन त्या मी माळ्यावर टाकल्या. शेला कपाटात ठेवून कुलूप लावलं. आईंचा कीर्तनातला मोठा फोटो होता, तोही उतरवला. मीही देवळातल्या एकादशीच्या कीर्तनाला गेले नाही. आईंना विसर पडायला हवा तर घरात कुणीच आठवण काढायची नाही, असा माझा हिशेब.

राहिली गोळी. आई गोळ्या थुंकून टाकायच्या. मला एक युक्ती सुचली आणि तिचा तेव्हा अभिमानही वाटला. दिवेलागणीला मी देवापुढे दिवा लावला की आई ओंजळ पुढे करायच्या आणि तीर्थ घ्यायच्या. बाकी काही नाकारतील, तीर्थ नाकारणार नाहीत. मग मी गोळी चमच्याखाली चुरायची, तीर्थात मिसळायची आणि साडेसहाला त्यांच्या हातावर घालायची. त्या तोंड वेडंवाकडं करायच्या, पण पिऊन हात डोक्यावरून फिरवायच्या.

पहिल्या दिवशी आई सात वाजता पेंगायला लागल्या. मला आनंद झाला. साडेसातला न जेवताच झोपल्या. मी ह्यांना म्हटलं, बघा, गुण आला. साडेअकराला त्या उठल्या त्या उजाडेपर्यंत दारं बडवत होत्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शुक्रवारी हे कामावर पोत्याला टेकून झोपले आणि कुणीतरी त्यांचा फोटो काढला. शनिवारी मी हार खाल्ली आणि डॉक्टरांना फोन केला.

"गोळी देता किती वाजता?"

"दिवा लावताना. साडेसहाला."

"अहो ज्योत्स्नाबाई, तुम्ही त्यांच्या मेंदूला साडेसहालाच सांगताय की रात्र झाली. मग मध्यरात्री त्यांची सकाळ होणारच. आठला द्या."

"आठ वाजता तीर्थ नसतं हो डॉक्टर."

"काय नसतं?"

मग मला सगळंच सांगावं लागलं. ते आधी हसले, मग जरा गंभीर झाले. शक्यतो लपवून देऊ नका, विश्वास तुटला की पाणीही घेणार नाहीत, असं म्हणाले. आठ वाजता त्या एरवी काय करतात ते विचारलं.

"काय करणार? आता कीर्तन बंद केलंय. नुसत्या फिरतात."

"बंद का केलंत?"

"तुम्हीच म्हणालात, गडबड नको."

"गडबड म्हणजे टीव्ही, भांडणं, एकदम चार पाहुणे. चाळीस वर्षं माणूस जे करत आलाय त्याला मी गडबड म्हणेन का? करू द्या की."

फोन ठेवला आणि मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले. चिपळ्यांवरची धूळ पुसताना मला माझीच लाज वाटली. देवाच्या माणसाचं देणं मी अडगळीत टाकलं होतं, आणि तेही त्यांच्या भल्यासाठी म्हणून.

रविवारी मी हरिभाऊ गुरवांना निरोप धाडला. आईंना तीस वर्षं पेटीची साथ केली ती यांनी. गुडघे गेलेले, एका डोळ्याला कमी दिसतं, पण निरोप मिळताच मांडीवर पेटी घेऊन रिक्षानं हजर झाले. आईंनी त्यांना ओळखलं की नाही कोण जाणे, पण म्हणाल्या, "उशीर केलात. काळी चार धरा." हरिभाऊंनी मुकाट्यानं काळी चार धरली. आईंनी शेला मागितला. तो मी कमरेला बांधला तेव्हा त्यांचं अंग हातांना पार हलकं लागलं.

साडेसहाला कीर्तन उभं राहिलं. श्रोते आम्ही दोघं. ह्यांच्या हातात झांजा दिल्या होत्या आणि त्या प्रत्येक वेळी अर्धी मात्रा उशिरा पडत होत्या. आई मधेच त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "हे गृहस्थ नवे दिसतात," आणि हरिभाऊंना हसू आवरेना. निरूपण पुरं झालं, नामाचा गजर झाला. आणि आई थांबल्या. रोजच्यासारख्याच. चिपळ्या खाली, नजर दाराकडे.

मी सवयीनं उठले.

"वैनी, कुठं निघाला?" हरिभाऊंनी विचारलं.

"पानं घेते. झालं ना त्यांचं."

"झालं कसं? मध्यंतर हाय हे." त्यांचे हात पेटीवरच होते, सूर त्यांनी सोडला नव्हता. "बाईंच्या गळ्यात हार कुठाय? कपाळाला बुक्का कुठाय? यजमानानं हार घातल्याबिगर बाई उत्तररंगाला कधी उभ्या ऱ्हायल्यात?"

मी तिथंच खिळून राहिले. मध्यंतरात कीर्तनकाराला बुक्का लावतात, हार घालतात, मग पुढचं आख्यान सुरू होतं, हे कीर्तन ऐकणाऱ्या लहान पोराला ठाऊक असतं. मला का ठाऊक नव्हतं? होतं की. पण लग्नापासून पंचवीस वर्षं आईंच्या प्रत्येक कीर्तनात नामाचा गजर सुरू झाला की मी उठून मागे जायचे. आरतीचं ताट लावायचं, प्रसाद कालवायचा. सुनेचं मध्यंतर ते. आईंच्या गळ्यात हार पडताना मी समोर बसून कधी पाहिलंच नव्हतं. आणि गेले आठ महिने, रोज संध्याकाळी, नेमक्या त्याच ठिकाणी मी उठत होते आणि त्यांना म्हणत होते, चला, जेवायला. भरल्या सभेत कीर्तनकाराला मध्यंतरात हाताला धरून खाली उतरवावं, तसं. सभा मोडलीत म्हणून ओरडायच्या, ते खरंच होतं.

हार कुठून आणायचा? देवाच्या तसबिरीवर सकाळचा तगरीचा होता, तो उतरवला. बुक्क्याची डबी सापडली. मी आईंच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात हार घातला आणि वाकून नमस्कार केला. त्यांच्या खांद्यांतला ताण उतरताना मला दिसला. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास कुणीतरी सोडावा, तसा. त्यांनी चिपळ्या उचलल्या आणि आख्यान लावलं.

ते होतं राजा झालेल्या बालमित्राकडे मूठभर पोहे फडक्यात बांधून गेलेल्या गरीब ब्राह्मणाचं. आईंचं हे आवडतं. पण आता त्यात खिंडारं पडली होती. तीन वेळा तो ब्राह्मण राजवाड्याच्या दाराशी पोचला आणि तीन वेळा पुन्हा घरून निघाला. हरिभाऊ प्रत्येक वेळी एक सूर लांबवून धरायचे आणि हळूच त्याला दारातून आत ढकलायचे. मग आला तो प्रसंग. समोर एवढं वैभव बघून तो लाजतो आणि पोह्यांची पुरचुंडी काखेत दडवतो. आणि देव हसून विचारतो, "काय लपवलंयस?"

हे वाक्य आई म्हणायच्या ते असं काही लाडानं, की आधी देवळं हसायची आणि मग डोळे पुसायची. त्या दिवशीही तसंच म्हणाल्या.

आठला पाच कमी असताना आरती झाली. घरात पोहे होते, गूळ-खोबरं घालून कालवले, आणि त्यातल्या एका घासात गोळी दाबून आईंच्या हातावर ठेवली. त्या जेवल्या, नऊला झोपल्या आणि पाचला उठल्या. मी तीनदा जाऊन श्वास चालतोय ना ते बघून आले.

रोज असंच झालं म्हटलं तर ते खोटं होईल. मंगळवारी त्या हारानंतरही चिडल्या, बाराला उठून बसल्या. पण एकूण घर बदललं. सकाळी त्या अंगणात उन्हात बसायच्या, दुपारी मी त्यांना बेदाण्यांत गुंतवून जागं ठेवायचे. संध्याकाळी रिक्षा वाजली की आई म्हणायच्या, "आली पेटी." शेजारच्या दोघीतिघी यायला लागल्या. ह्यांच्या झांजा मात्र शेवटपर्यंत सुधारल्या नाहीत.

गुरुवारी एक गोष्ट घडली. कीर्तन संपलं, मी पोह्यांचा घास हातावर ठेवला. आईंनी तो तोंडाशी नेला आणि थांबल्या. बोटांनी चाचपला. गोळी बाहेर काढून दिव्याच्या उजेडात धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय लपवलंयस?"

आख्यानातलंच वाक्य, आवाजही तोच. पण नजर आमच्या घरातली, सासूची, लख्ख. आता पुढे तीर्थ नाही, प्रसाद नाही, काही घेणार नाहीत, आणि शनिवार परवावर आला होता.

"औषध आहे, आई. झोप यावी म्हणून."

"मग तसं सांगावं. प्रसादात घालून देतात होय गं? देवाच्या नावावर खपवायचं?"

"तुम्ही घेत नाही म्हणून."

"मला विचारलंस कधी?"

मी मान खाली घातली. विचारलं नव्हतं. आजार झाल्यापासून मी त्यांना कसलंच काही विचारलं नव्हतं. सगळं त्यांच्यासाठी करत होते, त्यांना वगळून.

आईंनी पाणी मागितलं. गोळी जिभेवर ठेवून गिळली. मग ओंजळ पुढे केली. "आता प्रसाद दे. निव्वळ." तो खाऊन, हात डोक्यावरून फिरवून, त्या माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "तू कुणाची गं, बाळ?"

त्या दिवसापासून प्रसाद वेगळा आणि गोळी वेगळी. आठ वाजता मी वाटीत गोळी घेऊन जायचे आणि म्हणायचे, आई, हे झोपेचं औषध. बहुतेक वेळा घ्यायच्या. एखादवेळी नको म्हणायच्या, तेव्हा मी परत ठेवून द्यायची.

शनिवारी दुपारी वन्सं आल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. म्हटलं, संध्याकाळी बघाच. त्या मला स्वयंपाकघरात मटार सोलू लागल्या. बाहेर हरिभाऊंची पेटी ठेवल्याचा आवाज आला तेव्हा त्यांचे हात थांबले.

"पुन्हा कीर्तन सुरू केलंस?"

"हो."

"मला कधी आवडलं नाही गं ते," त्या शेंगेकडे बघत म्हणाल्या. "तुला नवल वाटेल. मी पाच-सहा वर्षांची असताना आई मला घेऊन जायची. मध्यंतराच्या आधीच मला झोप लागायची. कोणीतरी उचलून घरी आणून टाकायचं. सकाळी आई झोपलेली असायची. मला आईच्या कीर्तनाचा शेवट ठाऊकच नाही. संध्याकाळी गावाला आई मिळायची, मला झोप."

मी पोहे भिजत घातले.

वन्सं सगळ्यात मागे, दाराजवळच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसल्या. पर्समध्ये केंद्राचा कागद होता, मला माहीत होतं. पूर्वरंग चांगला झाला. नामाचा गजर झाला आणि आई थांबल्या, दाराकडे बघत. मी ताट घेऊन उठणार तोच हरिभाऊ म्हणाले, "वैनी, थांबा. आज यजमान लांबून आल्यात. उषाताई, तुम्ही घाला."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी ताट पुढे केलं. त्यांनी आईंना बुक्का लावला. हार घातला, आणि खाली वाकल्या त्या लवकर उठल्याच नाहीत.

"कुठल्या तुम्ही, बाई?" आईंनी विचारलं.

"पुण्याची."

"लांबून आलात. बसा."

त्या खुर्चीवर गेल्या नाहीत. तिथंच पुढे सतरंजीवर बसल्या. आख्यान दोनदा अडखळलं, ब्राह्मण दारातून परत फिरला, हरिभाऊंनी त्याला आत घातलं. आरतीला वन्सं उभ्या होत्या, टाळ्या वाजवत होत्या. मग आईंनी हट्टानं स्वतः प्रसाद वाटायला घेतला. ह्यांना दिला, शेजारणींना दिला, वन्संच्या हातावर दिला आणि तिथं थबकल्या.

"तुम्ही शेवटपर्यंत थांबलात. बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी थांबत नाही हो. लहान आहे. मध्यंतराच्या आधीच झोपते. मग कोणीतरी उचलून नेतं. मी रोज दाराकडे बघत राहते, नीट नेली का, पांघरूण घेतलंय का. हार घालायला माणसं खोळंबतात, पण ती दारातून बाहेर गेलेली दिसेपर्यंत मला पुढं जाववत नाही."

पेटीचा भाता हरिभाऊंच्या हातात तसाच राहिला.

वन्संनी तो प्रसाद तोंडात घातला. "ती आज थांबली होती, आई," त्या म्हणाल्या.

"हो?" आईंचा चेहरा उजळला. "झोपली नाही?"

"नाही. सगळं ऐकलं तिनं."

"शहाणी आहे," आई म्हणाल्या.

घड्याळात आठ वाजले होते. मी वाटी आणली, पण वन्संनी माझ्या हातातून घेतली. म्हणाल्या, "आई, हे झोपेचं औषध आहे. घेता?" आईंनी घेतलं. नऊ वाजता त्यांनीच आईंच्या अंगावर पांघरूण घातलं आणि दिवा मालवून बराच वेळ उशाशी बसून राहिल्या.

सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा पडवीतून वन्संचा फोनवरचा आवाज आला. "नाही, सध्या ती खोली दुसऱ्या कुणाला द्या. नाही नाही, तुमच्याकडे काही कमी आहे म्हणून नव्हे. आमच्याकडे संध्याकाळी कार्यक्रम असतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "रोज."

आई पुढे तीन वर्षं राहिल्या. शेवटी शेवटी आख्यान गेलं, मग निरूपण गेलं, उरला फक्त नामाचा गजर आणि त्यानंतरची ती वाट बघणारी नजर. हार मात्र एक दिवस चुकला नाही. मी एकदा डॉक्टर मगदूमांना विचारलं, की खरा गुण कशाचा, गोळीचा, उन्हाचा की हाराचा? ते म्हणाले, माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंगही मी आणणार नाही. यातलं काही बंद करू नका म्हणजे झालं. मला ते उत्तर आवडलं. देवाबद्दल विचारलं तरी मी फार वेगळं सांगू शकले नसते.

वन्सं दर शनिवारी यायच्या, येताना पुण्याहून मोगऱ्याचा हार आणायच्या. तासगावात हार मिळत नाही असं थोडंच आहे, हे म्हणायचे. बसच्या सहा तासांत तो पार कोमेजून, पिवळा पडून यायचा. आई तोच गळ्यात घालून घेण्यासाठी मान वाकवायच्या, आणि हार पडला की दाराकडे न बघता चिपळ्या उचलायच्या.